एकत्र कार्यक्रमात एक नंबरची कुस्ती कुणाची? जपानमधील पुरुष आणि स्त्री संघटनांचा ‘हिस्टॉरिक एक्स-ओव्हर’

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जपानी व्यावसायिक कुस्तीवर इथे अधूनमधून चांगले लिहिले जाते, पण चर्चा बहुतेक वेळा ओकादा आणि तानाहाशी या पुरुष मल्लांपाशीच घुटमळते. मला आज एका विशिष्ट कार्यक्रमाबद्दल तुमची मते हवी आहेत.

२० नोव्हेंबर २०२२ रोजी टोकियोच्या आरिआके अरेनात न्यू जपान प्रो-रेसलिंग ही पुरुषांची संघटना आणि स्टारडम ही स्त्रियांची संघटना यांनी मिळून ‘हिस्टॉरिक एक्स-ओव्हर’ नावाचा कार्यक्रम केला. दोन्ही संघटना बुशिरोड या एकाच कंपनीच्या मालकीच्या. पत्त्यांच्या खेळांवर मोठ्या झालेल्या या कंपनीने न्यू जपान २०१२ मध्ये विकत घेतली आणि स्टारडम २०१९ मध्ये. म्हणजे घर एकच होते, पण दोघींची पंगत एकत्र बसायला तीन वर्षे जावी लागली.

त्या रात्री ग्रेट मुता हा ज्येष्ठ मल्ल न्यू जपानच्या रिंगणात त्याच्या कारकिर्दीत शेवटच्या वेळी उतरला. ओकादा आणि तोरू यानो त्याचे जोडीदार होते. विल ऑस्प्रे आणि शोता उमिनो यांची पट्ट्याची, म्हणजे अजिंक्यपदाची, लढत होती. तानाहाशी आणि उतामी हायाशिशिता यांची जोडी हिरोओकी गोतो आणि माइका यांच्याशी भिडली. एवढी मोठी नावे असूनही शेवटची लढत स्टारडमच्या कायरी आणि मायू इवातानी या दोघींना देण्यात आली. न्यू जपानने नव्याने निर्माण केलेल्या आयडब्ल्यूजीपी महिला पट्ट्यासाठी त्या वीस मिनिटांहून अधिक वेळ लढल्या आणि कायरी पहिली विजेती ठरली.

हे सगळे पाहून मी फार सुखावले होते. मात्र जेमतेम सहा आठवड्यांनी, ४ जानेवारी २०२३ रोजी, टोकियो डोममधील ‘रेसल किंगडम १७’ मध्ये हाच पट्टा, हीच विजेती आणि ताम नाकानोसारखी कसलेली प्रतिस्पर्धी असताना ती लढत सुरुवातीलाच उरकली आणि सहा मिनिटांच्या आत संपली. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. पुरुषांच्या संघटनेबरोबर एकत्र कार्यक्रम केल्याने स्त्रियांच्या संघटनेच्या पदरात नक्की काय पडते? त्यांना बरोबरीचे स्थान मिळते, की एका रात्रीचा पाहुणचार मिळतो?

पंचगंगाकाठ

उत्तम विषय. आमच्याकडे कोल्हापूर भागात मैदान भरते तेव्हा एक नंबरची कुस्ती सर्वांत शेवटी लागते. सकाळपासून पोरासोरांच्या कुस्त्या होतात, मग बक्षिसाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलल्यावर हलगीचा ठेका बदलला की लोक आपोआप पुढे सरकतात. पत्रकावर तुमचे नाव कितव्या जोडीत छापले आहे, यावरून तुमची पत काय ते अख्ख्या पंचक्रोशीला कळते. त्यामुळे तुम्ही क्रमाकडे बोट दाखवलेत ते मला लगेच पटले. आरिआकेमध्ये त्या दोघींना एक नंबरची जोड मिळाली आणि डोममध्ये त्यांना पोरांच्या कुस्त्यांबरोबर उभे केले. मधल्या सहा आठवड्यांत त्यांची ताकद घटली नव्हती, मैदान भरवणाऱ्याची नजर तेवढी बदलली.

वाचक१९७४

एक शंका मनापासून विचारतो, कुणी रागावू नये. व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे अशा कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि त्यासाठी मल्लाला मैदानाबाहेर काढतात. ज्या खेळात निकाल कंपनी ठरवते, त्या खेळात क्रमही कंपनीच ठरवणार. मग शेवटच्या लढतीचा मान हा खराखुरा मान कसा मानायचा?

तिसरीघंटा

वाचक१९७४, तुमची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर नेमके तिच्याच उलट बाजूला आहे, असे मला वाटते.

नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक होते, कारण तो खरी कुस्ती पाहायला पैसे मोजतो. जपानमधला प्रेक्षक ठरलेला खेळ पाहायला येतो आणि हे त्याला पक्के ठाऊक असते. मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम केले आहे. एकांकिका स्पर्धांमध्ये कोणत्या संघाला कोणती वेळ मिळते यावरून भांडणे होतात ती उगाच होत नाहीत. दमलेल्या प्रेक्षकासमोर शेवटी उभे राहून त्याला खुर्चीत धरून ठेवायचे, हे काम ज्याच्यावर सोपवले जाते त्याच्यावर आयोजकाने आपला सगळा विश्वास टाकलेला असतो. खऱ्या कुस्तीत मल्ल स्वतःच्या बळावर वर चढतो. त्याला अडवणारे फार तर त्याला उशीर करू शकतात. इथे मात्र चढायची शिडीच कंपनीच्या हातात आहे. म्हणून कंपनी कुणाला शेवटी ठेवते आणि किती मिनिटे देते, यातूनच तिच्या मनातली किंमत बाहेर पडते. निकाल ठरलेला असल्यामुळे क्रमाचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते.

वाचक१९७४

हे मला पटले. शंका मागे घेतो आणि पुढे वाचतो.

निशिकासाईकर

मी त्या रात्री आरिआकेला प्रत्यक्ष हजर होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

गेली नऊ वर्षे मी टोकियोत आहे. कार्यालयातल्या एका जपानी सहकाऱ्याने मला पहिल्यांदा सुइदोबाशीच्या कोराकुएन हॉलमध्ये नेले. इमारतीच्या पाचव्या मजल्यावरचे ते छोटे सभागृह आहे आणि त्याच्या जिन्याच्या भिंती चाहत्यांनी लिहून भरून टाकल्या आहेत. तिथे मी पहिल्यांदा स्टारडम पाहिले. स्पर्धकाचे नाव पुकारले की त्या त्या रंगाच्या कागदी फिती चारी बाजूंनी रिंगणात येऊन पडतात, आणि पुढच्या क्षणी कडेची मुले त्या भराभर गोळा करून रिंगण मोकळे करतात. कार्यक्रम संपल्यावर चाहते रांगेत उभे राहून स्वाक्षरी केलेली छायाचित्रे विकत घेतात. हे एक लहान, जवळचे, एकमेकांना ओळखणारे जग आहे.

आरिआके अरेना त्याच्या अगदी विरुद्ध. ऑलिंपिकच्या व्हॉलीबॉलसाठी बांधलेली ती प्रचंड वास्तू आहे. माझ्या डाव्या हाताला साठीच्या आसपासचे एक गृहस्थ बसले होते. अंगात न्यू जपानच्या सिंहाचे चिन्ह असलेला जुना, धुऊन फिकट झालेला शर्ट होता. मुता आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. स्त्रियांच्या लढतींच्या वेळी ते कार्यक्रमपत्रिका चाळत असत. शेवटच्या लढतीआधी त्यांनी कोट घातला, पिशवी खांद्याला लावली आणि घड्याळ पाहिले. मला वाटले, हे आता निघाले. ते उठलेही, पण तेवढ्यात इवातानीचे प्रवेशसंगीत सुरू झाले आणि गर्दीतून लगेच बाहेर पडता येईना, म्हणून ते आमच्या रांगेच्या टोकाशी उभे राहिले. लढत रंगत गेली तसे ते पायरीवर टेकले. कायरी वरच्या दोरावर चढून हात पसरून उभी राहिली तेव्हा त्यांच्या खांद्यावरची पिशवी केव्हाच खाली आली होती आणि ते दोन्ही मुठी आवळून पाहत होते. कोपर बसले, पंचांनी तीन मोजले आणि त्यांनी माझ्याकडे वळून मान हलवली. ते एकही शब्द बोलले नाहीत.

निळीशाई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे. त्या गृहस्थांनी स्टारडमचे तिकीट आयुष्यात काढले नसते. एकत्र कार्यक्रमामुळे ते त्या लढतीसमोर आले, आणि ती शेवटी होती म्हणून थांबले. हीच लढत दुसऱ्या क्रमांकावर असती तर त्यांनी ती पत्रिका चाळत घालवली असती.

रेवती_ब

निशिकासाईकर, पिशवी खाली आली ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. बाकी, ‘कायरी’ हे नाव मी मोठ्याने वाचल्यावर माझ्या धाकटीने ‘कैरी कुस्ती खेळते?’ असे विचारले आणि आता ती त्या लढतीची चित्रफीत पाहिल्याशिवाय झोपणार नाही म्हणते. एक चाहती इथेच वाढली.

निळीशाई

रेवती, तिला अवश्य दाखवा. कायरी महाविद्यालयात असताना नौकानयनपटू होती, तिच्या पोशाखात आणि प्रवेशात समुद्राच्या खुणा त्यामुळेच दिसतात, हेही तिला सांगा. आणि मायू इवातानीचे सांगायचे तर कुस्तीत येण्यापूर्वी ती यामागुची प्रांतातल्या आपल्या घरात बराच काळ स्वतःला कोंडून घेऊन राहत होती. २०११ च्या जानेवारीत शिन-किबाच्या छोट्या सभागृहात स्टारडमचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हापासून ती संघटनेत होती. त्या रात्री पराभव तिचा झाला, पण तिथवरचा प्रवासही तिचाच होता.

मृण्मयी_प

या चर्चेत एक जुना धागा जोडायलाच हवा. २० नोव्हेंबर ही तारीख जपानच्या स्त्री-कुस्तीत आधीपासून मोठी आहे. २० नोव्हेंबर १९९४ रोजी ऑल जपान विमेन्स या संघटनेने टोकियो डोममध्ये ‘बिग एग रेसलिंग युनिव्हर्स’ हा कार्यक्रम भरवला होता. संघटनेने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा ४२,५०० होता. दुपारी सुरू झालेला कार्यक्रम मध्यरात्रीच्या आसपास संपला आणि शेवटची गाडी गाठण्यासाठी लोकांना मधूनच उठावे लागले. त्यात झालेल्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत आकिरा होकुतोने आजा काँगला हरवले.

हे मुद्दाम सांगते, कारण स्त्रियांना मोठ्या रिंगणात आणण्याचे श्रेय आज अनेक जण पुरुषांच्या संघटनांना देऊन टाकतात. ऑल जपान विमेन्स १९६८ मध्ये मात्सुनागा बंधूंनी सुरू केली. ऐंशीच्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांच्या ‘क्रश गॅल्स’ या जोडीने दूरचित्रवाणीवर अशी लोकप्रियता मिळवली की सभागृहे शाळकरी मुलींनी भरून जात. पुढे १९९३ च्या २ एप्रिलला योकोहामा अरेनात होकुतो आणि शिनोबु कांदोरी यांची लढत झाली. तोही दोन संघटनांमधलाच सामना होता, मात्र दोन्ही स्त्रियांच्या. एकत्र येण्याची ताकद त्यांनी तेव्हाच ओळखली होती. त्यांना त्यासाठी पुरुषांचे बोट धरावे लागले नाही.

पंचगंगाकाठ

मृण्मयीताई, मग त्या संघटनेचे पुढे काय झाले?

मृण्मयी_प

डोमनंतर उतरती कळा लागली. प्रमुख खेळाडू एकेक करून बाहेर पडल्या, स्वतंत्र संघटना निघाल्या, कर्ज वाढले आणि २००५ मध्ये ऑल जपान विमेन्स बंद पडली. तिथल्या मुलींवर दारू, तंबाखू आणि पुरुष या तिन्हींची बंदी होती आणि पंचविशीत निवृत्त व्हावे असा दंडक होता. चाहत्या मुलींचे वय वाढले, नायिका मात्र बराच काळ पंचविशीत घरी पाठवल्या गेल्या. त्यांचा हात सुटत गेला, असे मला वाटते. आज स्टारडमच्या सभागृहात मध्यमवयीन पुरुष अधिक दिसतात. निशिकासाईकरांनी हे पाहिलेच असेल.

निशिकासाईकर

होय, कोराकुएनमध्ये बहुतांश पुरुषच असतात. आरिआकेमध्ये मात्र जोडपी आणि तरुण मुली मला अधिक दिसल्या.

आबा_मास्तर

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. एकत्र कार्यक्रमाला माझी हरकत नाही, पण संमिश्र लढतींना आहे. पुरुषाने स्त्रीवर हात उगारायचा आणि हजारो लोकांनी टाळ्या वाजवायच्या, हे मला पाहवत नाही. तो खेळ ठरलेला आहे हे मला कळते, पण पाहणाऱ्या लहान मुलाला ते कसे कळणार?

तिसरीघंटा

आबा मास्तर, तुमची कळकळ समजते. संमिश्र जोडीच्या लढतीत सामान्यतः असा नियम असतो की एका बाजूने पुरुष आत आला की समोरूनही पुरुषच येतो आणि स्त्री आली की स्त्री. न्यू जपान या बाबतीत परंपरेने सावध राहिली आहे.

अक्षरधूळ

मी थोडे वेगळे मत मांडतो. सगळ्या संघटना न्यू जपानइतक्या सावध नाहीत, आणि त्यामुळे काही बिघडले आहे असे मला वाटत नाही. डीडीटी या संघटनेत साकी आकाई वर्षानुवर्षे पुरुषांबरोबर आणि पुरुषांविरुद्ध लढली. तिघांच्या संघांचा पट्टा तिने दोन पुरुष साथीदारांसह जिंकला आणि १२ नोव्हेंबर २०२३ रोजी र्योगोकु कोकुगिकानमध्ये ती निवृत्त झाली. ती मार खाते म्हणून कुणी टाळ्या वाजवत नसे. तिची उंच लाथ बसली की टाळ्या पडत.

त्याही आधी, १९८९ मध्ये आत्सुशी ओनिताने सुरू केलेल्या एफएमडब्ल्यूमध्ये स्त्रिया पुरुषांच्याच कार्यक्रमात, त्यांच्याइतक्याच भीषण लढती लढत होत्या. मेगुमी कुदो ही एकेकाळी बालवाडीत शिकवणारी मुलगी. ५ मे १९९६ रोजी कावासाकीच्या मैदानात तिने कॉम्बॅट तोयोदाच्या निवृत्तीची लढत दोरांऐवजी स्फोटके लावलेल्या काटेरी तारांमध्ये लढून जिंकली. अशा लढती असाव्यात की नसाव्यात हा वेगळा वाद आहे आणि मला स्वतःला त्या पाहवत नाहीत. मात्र स्त्रियांना जपून, कडेला ठेवायचे असे त्या संघटनेने केले नाही.

आणि आबा मास्तर, आपल्या देशाशी जोडलेले एक उदाहरण देतो. बलियान अक्की हा भारतीय मल्ल टोकियोत एमी साकुरा या स्त्री-मल्लाच्या संघटनेत घडला. इचिगाया इथल्या एका खोलीत, रिंगण नाही, दोर नाहीत, जमिनीवर फक्त गादी आणि बाजूला खिडकी, अशा जागी त्यांचे सामने होतात. २०२० च्या मार्चमध्ये सगळीकडे सभागृहे बंद होऊ लागली तेव्हा त्यांनी ‘चोकोप्रो’ नावाने तिथून यूट्यूबवर प्रक्षेपण सुरू केले. त्या खोलीत अक्की स्त्रियांशी लढला, हरला, जिंकला, आणि मेई सुरुगा या मुलीबरोबर त्याने जोडीचा पट्टाही जिंकला. त्यांचे सामने पाहताना समोरचा पुरुष आहे की स्त्री, हा विचार पाच मिनिटांत मागे पडतो आणि कोण कुणाचा हात कसा पिरगाळून सुटतो, एवढेच उरते. एखादा सामना पाहून मत कळवा, ही विनंती.

आबा_मास्तर

पाहीन आणि कळवीन. शब्द दिला.

हिशेबनीस

भावनेचे बरेच झाले, थोडे आकड्यांकडे वळू या. आरिआकेला ७,१०२ प्रेक्षक होते. त्या वास्तूची क्षमता १५,००० च्या आसपास आहे. करोनाच्या निर्बंधांचा काळ पुरता सरलेला नव्हता आणि मांडणीत काही बाजू बंद ठेवाव्या लागतात, हे धरूनही मुता, ओकादा, कायरी अशी नावे एकत्र आल्यावर मालकाने याहून अधिक गर्दीची आशा धरली असेल. कंपनीने एवढा खटाटोप केवळ सन्मान म्हणून केला, असे मानण्याचे कारण नाही. दोन दुकानांचे गिऱ्हाईक एकमेकांच्या दुकानात न्यायचे, हा त्यामागचा साधा व्यापारी विचार आहे आणि त्यात गैर काहीच नाही. पण मग व्यापारी कसोटीवर पाहता डोममधली ती सहा मिनिटेही समजून घ्यावी लागतात. तिथे केनी ओमेगा आणि ऑस्प्रे होते, ओकादा आणि जे व्हाइट होते. लोक त्यांच्यासाठी आले होते.

निळीशाई

हिशेबनीस, गर्दी कुणासाठी आली होती हे मान्य. पण त्या दिवशी लढत संपताच मर्सेडीस मोने ही अमेरिकी मल्ल, म्हणजे पूर्वीची साशा बँक्स, रिंगणात अवतरली, आणि जगभरातल्या चाहत्यांत त्या रात्री तिची चर्चा कुणापेक्षाही कमी झाली नाही. म्हणजे स्त्रियांच्या पट्ट्याकडे लोकांचे लक्ष खेचता येते हे कंपनीला ठाऊक होते. त्यांनी ते लक्ष लढतीला न देता प्रवेशाला दिले. माझी तक्रार तीच आहे. कायरी आणि ताम यांना आणखी दहा मिनिटे दिली असती तर मोनेच्या प्रवेशाचे तेजही वाढलेच असते.

अक्षरधूळ

या पट्ट्याचा पुढचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेत सॅन होजे इथे मोनेने तो कायरीकडून जिंकला. २३ एप्रिलला योकोहामा अरेनात, स्टारडमच्या स्वतःच्या कार्यक्रमात, मायू इवातानीने तो मोनेकडून घेतला. आरिआकेमध्ये जी हरली होती तिच्याच कमरेला तो नंतर ७३५ दिवस राहिला आणि २७ एप्रिल २०२५ रोजी शुरीने तो तिच्याकडून घेतला. पट्टा न्यू जपानच्या नावाचा, पण त्याला वजन आले ते स्टारडमच्या रिंगणात आणि स्टारडमच्या संस्थापक पिढीतल्या मल्लामुळे.

मृण्मयी_प

अक्षरधूळ, अगदी नेमके. मात्र याची दुसरी बाजूही आहे. स्टारडमचा स्वतःचा लाल पट्टा हा संघटनेचा सर्वोच्च मान. नवा पट्टा आल्यावर लाल पट्टा दुसऱ्या क्रमांकाचा ठरणार का, अशी धास्ती तेव्हा अनेक चाहत्यांनी बोलून दाखवली होती. पाहुण्याच्या घरून आलेले ताट देवघरात ठेवले की घरचे ताट कुठे ठेवायचे, असा तो पेच होता. शुरीकडून जुलियाने २०२२ च्या डिसेंबरात लाल पट्टा जिंकला ती लढत मला आरिआकेइतकीच मोलाची वाटते, पण आपल्यासारखे बाहेरचे लोक तिच्याबद्दल फारसे बोलत नाहीत.

निशिकासाईकर

मोठ्या घराशी जोडले जाण्याचे परिणाम माणसांवरही झाले. संस्थापक रॉसी ओगावा २०२४ च्या फेब्रुवारीत स्टारडममधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘मॅरीगोल्ड’ ही नवी संघटना काढली. जुलिया, उतामी यांनी तीच वाट धरली आणि २०२५ मध्ये मायू इवातानीही तिकडे गेली. एकत्र कार्यक्रमामुळे हे घडले, असे मी म्हणणार नाही. पण शिन-किबाच्या छोट्या सभागृहातली संघटना आणि आरिआकेच्या रोषणाईतली संघटना यांचा स्वभाव एकच राहणे अवघड होते.

रेवती_ब

डीडीटीवाल्यांचाही एकत्र कार्यक्रम झाला होता ना?

अक्षरधूळ

हो. ६ जून २०२१ रोजी सैतामा सुपर अरेनात ‘सायबरफाइट फेस्टिव्हल’ झाला. डीडीटी, नोआ आणि स्त्रियांची टोकियो जोशी या सगळ्या सायबरएजंट या कंपनीच्या छत्राखालच्या संघटना. तिथे तिन्हींचे मुख्य पट्टे पणाला लागले होते. मियु यामाशिता आणि युका साकाझाकी यांची लढत टोकियो जोशीकडून होती, पण शेवटची लढत मारुफुजी आणि केइजी मुतो यांची, म्हणजे पुरुषांची होती. आरिआकेचे वेगळेपण इथे उठून दिसते.

पंचगंगाकाठ

म्हणजे मुतोच्या चाहत्यांना एका ठिकाणी तो शेवटी मिळाला आणि दुसऱ्या ठिकाणी स्त्रियांच्या आधी. चेहऱ्याला रंग लावून तोच ग्रेट मुता होतो, हे नव्या वाचकांसाठी सांगतो.

कृष्णाकाठची

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहावेसे वाटले. मी शाळेत आणि महाविद्यालयात कुस्ती खेळले आहे. आमच्या तालुक्यातल्या एका जत्रेच्या मैदानात, नाव लिहीत नाही, मुलींची एक जोड दरवर्षी लावतात. त्या वर्षी ती जोड माझी होती. पत्रकावर आमची नावे ठळक छापली होती, फोटोसह. प्रत्यक्षात दुपारी अडीचला, भर उन्हात, कट्टे रिकामे असताना आम्हाला बोलावले. माती तापलेली होती, पाणी मारलेले नव्हते. मी लपेट लावून कुस्ती जिंकली तेव्हा टाळी वाजवायला माझे वडील, वस्ताद आणि आइस्क्रीमवाला एवढेच होते. संध्याकाळी एक नंबरची कुस्ती लागली तेव्हा त्याच कट्ट्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी गर्दीत उभी राहून ती पाहिली आणि मनात एकच आले: हीच माणसे तीन तास आधी इथे असती तर!

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली, तेव्हा मी रडले. स्वतंत्र स्पर्धा असल्यामुळे तिची अंतिम कुस्ती हीच एक नंबरची कुस्ती होती. त्यामुळे स्वतंत्र असावे की एकत्र, या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. स्वतंत्र मैदानात शेवटची जागा हक्काने मिळते, पण निशिकासाईकरांच्या शेजारी बसलेले ते गृहस्थ तिथे येत नाहीत. एकत्र मैदानात ते येतात, पण आपल्याला त्यांच्यासमोर केव्हा उभे करायचे ते दुसरे कुणी ठरवते. जपानमधल्या मुलींना त्या एका रात्री दोन्ही गोष्टी मिळाल्या. तो क्षण किती दुर्मीळ होता, हे अडीच वाजताच्या उन्हात उभी राहिलेली मुलगी सांगू शकते.

आबा_मास्तर

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी स्वतः अशा मैदानांच्या समित्यांवर होतो आणि मुलींची जोड दुपारी लावण्याच्या निर्णयाला मीही मान डोलावली आहे. ‘मुलींना उशीर नको, घरी लवकर जाऊ दे’ असे आम्ही म्हणत असू. त्यात काळजी होती हे खरे, पण त्या मुलींना विचारावे असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

अक्षरधूळ, दिलेल्या शब्दाप्रमाणे चोकोप्रोचे दोन सामने पाहिले. मेई सुरुगाची चपळाई पाहून थक्क झालो. पुरुषाने स्त्रीला मारण्याबद्दलची माझी अस्वस्थता पूर्ण गेलेली नाही, पण आता ती पहिल्याइतकी ठाम राहिलेली नाही.

हिशेबनीस

कृष्णाकाठची यांच्या अनुभवानंतर माझ्या आधीच्या प्रतिसादात एक दुरुस्ती करतो. डोममध्ये लोक पुरुषांसाठी आले होते, असे मी लिहिले. पण कट्टे भरल्यावर जोड लावलीच नाही, तर लोक कुणासाठी थांबले असते हे मोजणार कसे? आरिआकेमध्ये ते निदान मोजले गेले.

निळीशाई

सर्वांचे आभार. धागा सुरू करताना पाहुणचार आणि बरोबरी अशा दोनच शक्यता माझ्या डोळ्यांपुढे होत्या. मृण्मयीमुळे १९९४ चे डोम आठवले आणि तिथवर स्त्रिया स्वतःच्या बळावर पोहोचल्या होत्या हे पुन्हा मनावर ठसले. आता मी प्रश्न थोडा बदलून विचारते: पुढच्या वेळी असा कार्यक्रम झाला, तर शेवटच्या लढतीचा निर्णय घेणाऱ्या खोलीत स्टारडमकडून कोण बसलेले असावे? २०२३ च्या अखेरीस न्यू जपानचे अध्यक्षपद तानाहाशीकडे आले, म्हणजे स्वतः मल्ल राहिलेल्या आणि आरिआकेमध्ये उतामीच्या जोडीने लढलेल्या माणसाकडे. तसाच अधिकार एखाद्या निवृत्त स्त्री-मल्लाच्या हाती यायला हवा, असे माझे मत आहे.

तिसरीघंटा

सहमत. माझ्या मते ती खुर्ची मायू इवातानीला शोभली असती, पण ती आता दुसऱ्या घरी आहे.

कृष्णाकाठची

निळीशाई, तुमचा बदललेला प्रश्न वाचून एक गोष्ट सांगते. यंदा आमच्या त्या जत्रेच्या समितीत मला घेतले आहे, पहिल्यांदाच एका बाईला. कालच्या बैठकीत मी मुलींची जोड एक नंबरच्या कुस्तीच्या लगेच आधी लावण्याची मागणी केली. दोघांनी विरोध केला, तिघे गप्प बसले आणि वस्ताद म्हणाले, ‘पत्रक अजून छापायला गेलेले नाही.’ येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. निशिकासाईकर, त्या शेवटच्या लढतीची चित्रफीत अधिकृतरीत्या कुठे मिळेल ते कृपया कळवा. गप्प बसलेल्या तिघांना ती दाखवायची आहे.